जावयानं सोललेल्या शेंगा

“बापाला पाव्हण्यावानी बसवू नको. म्होरं लसूण टाक सोलायला.”

माझी आई हे म्हणाली तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. बाबा देगलूरकडच्या एका शाळेवर शिक्षक होते. शनिवारी संध्याकाळी निलंग्याजवळच्या आमच्या गावी यायचे. मी त्यांच्यासाठी चांगली सतरंजी टाकायची, तांब्या भरून ठेवायची आणि मग दाराआडून त्यांना बघत राहायची. आईला ते दाराआडचं बघणं खटकलं असणार. तिनं लसणाची परडी बाबांच्या पुढ्यात ठेवली आणि मला त्यांच्या शेजारी बसवलं. लसूण संपला तेव्हा बाबा मला त्यांच्या शाळेच्या छपरावर येणाऱ्या वानराची गोष्ट सांगत होते आणि मी त्यांच्या मांडीवर होते.

यंदाच्या हिवाळ्यात ते वाक्य आठवलं, आमच्या नांदेडच्या घरात.

अनिल, म्हणजे माझे मिस्टर, हिमाचलात बोगद्याच्या कामावर आहेत. वर्षातून दोनदा घरी येतात. आमची जुई साडेचार वर्षांची आहे. रोज संध्याकाळी ती फोनवर पप्पांशी भरभरून बोलते. डोक्यावर पिवळं हेल्मेट, मागे दगडाची भिंत, असे तिचे पप्पा. या वेळी ते आले तेव्हा तिच्यासाठी रिमोटवर चालणारी मोठी जीप घेऊन आले. जुई जीपच्या खोक्यात बसून खेळली, जीपला तिनं हात लावला नाही. मी मात्र अनिलना खुर्चीवरून उठू देत नव्हते. दमून आलेत म्हणून चहा हातात, ताट हातात.

तिसऱ्या संध्याकाळी जुई नेहमीच्या वेळेला फोन घेऊन आली. “आई, पप्पांना फोन लाव.”

“अगं, हे काय पप्पा! समोर बसलेत.”

तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि माझ्या कानाशी येऊन विचारलं, “हे काका कधी जाणारेत?”

लहान मुलांनी कानात सांगितलेलं अख्ख्या घराला ऐकू जातं. अनिल कितीतरी वेळ चहा ढवळत राहिले.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला, “येळवशीला येतीस का?” येळवस म्हणजे वेळा अमावास्या. लातूरकडचा हा शेतातला सण तुमच्यापैकी अनेकांना माहीत नसेल. त्या दिवशी सगळं घर शेतात जातं, कडब्याची खोपी उभारतं, पूजा करतं आणि तिथंच जेवतं. अनिल म्हणाले, “तुम्ही दोघी जाऊन या. मी असलो की ती अवघडते.” मी म्हटलं, “तिघं जाऊ. आणि एसटीनं जाऊ.” गाडी काढली असती तर ते पुढे बघत गाडी चालवणार आणि आम्ही दोघी मागे. एसटीत निदान तिघं एका बाकावर.

तर सकाळी लवकर नांदेडच्या स्टँडवर. लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर, हा साधारण चार तासांचा प्रवास आहे. रस्ता आता बराच सुधारलाय. बायकांना अर्धं तिकीट आणि जुईच्या वयाला तिकीटच नाही. कंडक्टरनं तिकीट फाडताना अनिलकडे बघून म्हटलं, “घरात फुल माणूस एकटे तुम्हीच, साहेब!” अनिल तीन-चार दिवसांत पहिल्यांदा हसले.

खिडकीत बसून खेळायचा माझा आणि जुईचा एक खेळ आहे. पांढरा बैल दिसला की टाळी, उसाचा ट्रॅक्टर दिसला की चुटकी. जुईला चुटकी वाजवता येत नाही, म्हणून ती तोंडानं ‘टक’ म्हणते. याला खर्च नाही, बॅटरी नाही, आणि मूल दोन तास मोबाइल मागत नाही. लोह्याच्या अलीकडे बैलजोडी दिसली आणि अनिलनी टाळी वाजवली.

“तुमचा नाहीये हा खेळ,” जुई म्हणाली. “तुम्ही फक्त बघायचं.”

त्यांनी हात खिशात घातले. मी लोह्याच्या थांब्यावर उगाचच खूप बोरं घेतली आणि अहमदपूर येईपर्यंत कुणाकडे न बघता खात राहिले.

लहान मूल सोबत असेल तर अहमदपूरला उतरून घ्याच. गाडी चहापुरती थांबते, गरम भजी मिळतात, आणि पुढे लातूरपर्यंत मुलाला लघवी लागली तर कंडक्टरची विनवणी करावी लागते. कपड्यांचा एक जोड हाताशी ठेवा. आम्हाला तो चाकूरच्या पुढे लागला.

लातूरला गाडी बदलायची. स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती. जो तो पिशव्या घेऊन गावाकडं निघालेला. निलंग्याच्या गाडीत माझ्या शेजारच्या मावशी म्हणाल्या, “उद्या लातुरात कुत्रं बी दिसायचं न्हाई बघा. दुकानं बंद, सगळी रानात.” हे खरं आहे. तुम्हाला यायचं असेल तर सणाच्या आदल्या दिवशीच पोचा. आणि शेत नाही म्हणून संकोच करू नका. लातूरकडं ओळखीचा एक माणूस असला तरी तो त्याच्या रानात जेवायला बोलावतो आणि नाही गेलात तर वर्षभर टोमणे मारतो.

निलंग्याला माझा धाकटा भाऊ बाळू न्यायला आला होता. घरी पोचलो आणि अंगणात बाजेवर नवी चादर, वर तक्क्या. “दाजी, तुम्ही हितं बसा.” हातपाय धुवायला गरम पाणी. चहा. पुन्हा चहा. माहेरी जावई म्हणजे काय असतं ते मी विसरलेच होते. नांदेडमध्ये मी एकटी त्यांना पाहुणा करत होते, इथं सगळं घर त्या कामाला लागलं.

ऊन उतरल्यावर आईनं अंगणात चादर पसरून शेंगांचा ढीग ओतला. तूर, वाल, वाटाणा, ओला हरभरा. हे सगळे दाणे आणि पालेभाज्या बेसनात शिजवून जी भज्जी होते तिच्यासाठी पहाटे चूल पेटते, म्हणून सोलणं आदल्या दिवशी. आई, बाळूची बायको म्हणजे आमची वहिनी, मी आणि जुई बसलो. जुईला शेंग कशी दाबायची ते आईनं एकदा दाखवलं आणि पोरगी रमली. हिरवा दाणा टुणकन उडाला की खदखदून हसायची. बाजेवर अनिल रेंज नसलेला फोन हातात घेऊन बसले होते. थोड्या वेळानं उठले आणि आमच्या चादरीकडे आले.

“ओ दाजी!” बाळू धावलाच. “बसा की तिकडं. जावयाला शेंगा सोलाया लावल्या म्हणून गावात तोंड दाखवायला जागा राहायची न्हाई आम्हाला.”

अनिल परत बाजेवर. मी आईला म्हटलं, “बापाला पाव्हण्यावानी बसवू नको, असं कोण म्हणायचं गं?”

आईनं वर बघितलंसुद्धा नाही. “तुझा बाप माझा नवरा हुता. ह्यो जावई हाय. येगळं असतंय.”

वहिनी तोंडाला पदर लावून हसली. मला हसू आलं नाही. तीन दिवसांनी सुट्टी संपणार होती.

मग बाळू दूध घालायला डेअरीवर गेला. वहिनी आंबिलीसाठी ज्वारीचं पीठ बघायला आत गेली, मी आणि आई उंड्यांसाठी बाजरीचं पीठ मळायला. उंडे म्हणजे वाफवलेले गोळे. अंगणात जुई आणि ढीग राहिला. आत्तापर्यंत सोप्या शेंगा होत्या, आता वालाची जून, चिवट शेंग हाती लागली. मी खिडकीतून बघत होते. तिनं ती दाबली, पिळली, दातानं ओढली. घरात मला हाक मारण्यासाठी तोंड उघडलं, मग बाजेकडे बघितलं. उठली आणि अनिलसमोर शेंग धरली.

“ही उघडत नाही.”

अनिलनी आधी इकडेतिकडे बघितलं, चोरी करताना बघतात तसं. मग शेंगेचं टोक मोडून शीर खाली ओढली. शेंग उघडली. जुई दुसरी शेंग घेऊन आली. तिसरीला तिनं त्यांचं बोट धरून त्यांनाच चादरीवर आणलं.

माझ्या मागे आई येऊन उभी होती, हात पिठानं भरलेले. आता ही ओरडणार, असं मला वाटलं. ती बाहेर गेली, चादरीला वळसा घालून अंगणाच्या दाराशी पोचली आणि दार ओढून तिनं कडी घातली. येताना सूपभर तुरीच्या शेंगा जावयाच्या पुढ्यात ठेवल्या.

“लावलंय दार. आता कोण बघतंय? होऊ द्या.”

माझ्या आईचे मी आयुष्यभर आभार मानले नाहीत, आमच्यात ती पद्धत नाही. त्या कडीच्या आवाजासाठी इथं मानते.

एका शेंगेत अळी निघाली. जुई ओरडली नाही. “ही इथं का राहते?”

“खात खात आत गेली. बोगदा केलाय तिनं. मीपण हेच करतो, डोंगरात.”

“खाऊन?”

“नाही, मशीननं.”

“मग बाहेर कधी येते?”

“पलीकडून उजेड दिसला की.”

जुई हातातली शेंग विसरून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. “माझे पप्पापण बोगद्यात असतात.”

“तोच मी.”

“मग टोपी कुठंय?”

अनिलनी शेजारची लसणाची परडी रिकामी केली आणि डोक्यावर पालथी घातली. टरफलं खांद्यावर पडली. जुई मागे सरकली, मान वाकडी करून बघितलं, पुन्हा जवळ आली. मग तिनं त्यांचे दोन्ही गाल धरले. फोनमध्ये ते करता येत नाही. “पप्पा!” ती म्हणाली, आणि मी बाजरीच्या पिठात इतकं पाणी ओतलं की उंड्यांची पेज व्हायची वेळ आली.

दार वाजलं. बाहेरून बाळू, “कडी का घातलीया?”

“मांजर शिरायलंय!” आई आतून म्हणाली आणि जावयाला हातानं बाजेकडं पिटाळलं.

सणाच्या दिवशी सकाळी रानात गेलो. आंबिलीचं मडकं बाळूच्या डोक्यावर, टोपल्या आमच्या. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून वर बांधल्या, त्यावर नवी शाल टाकली की झाली खोपी. आत पाच दगड मांडायचे, त्यांना चुना लावायचा. हे पाच पांडव. चुन्याचं काम जुईकडे आलं आणि तिनं ते अनिलना वाटून दिलं. बाळूनं बाभळीखाली सतरंजी अंथरून हाक मारली, “दाजी, या बसा सावलीला.”

जुईनं खोपीतून डोकं बाहेर काढलं. “मामा, पप्पांना वेळ नाहीये. आम्ही काम करायलोत.”

पूजा झाल्यावर पिकातून आंबील शिंपडत फिरायचं आणि ओरडायचं, “ओलगे ओलगे सालम पोलगे!” कानडी मुलखाकडून आलेले शब्द असावेत. मी आईला अर्थ विचारला तर म्हणाली, “अर्थ कशाला पायजे? वरडायचं.” जुई अनिलच्या खांद्यावर बसून ज्वारीच्या कणसांवरून ओरडत गेली. जेवायला आंबील, भज्जी, उंडे, गव्हाची खीर. लहान मुलांना आंबील लसणामुळे तिखट लागते, त्यांना उंडा खिरीत कुस्करून द्या. मोठ्यांनी आंबील पिऊन झाडाखाली आडवं व्हावं, दुसरं काही करता येतच नाही.

बाळूचे लातूरचे पाहुणे जेवता जेवता म्हणाले, “औंदा भज्जी लई भारी झालीया. एक किडका दाणा न्हाई. कुणी निवडल्या शेंगा?”

“मांजरानं,” आई म्हणाली आणि तिनं जावयाला आणखी वाढलं.

दोन दिवसांनी नांदेडच्या स्टेशनवर अनिलना गाडीत बसवून आम्ही दोघी घरी आलो. रिमोटची जीप अजून कपाटावर आहे. तिचं खोकं मात्र जुईच्या खोपीचा पाया झालंय. दोन खुर्च्या, वर माझी शाल, आत अंगणातले पाच खडे. आता आम्ही वाटाणे सोलतो, मेथी निवडतो, भुईमुगाच्या शेंगा फोडतो. स्वयंपाकाला दुप्पट वेळ लागतो आणि ओट्यावर पसारा असतो. पण आमच्या दिवसातला सगळ्यात जास्त गप्पांचा वेळ हाच आहे. तुमच्या घरी कुणी लांबून येत असेल तर एवढंच सांगेन, त्यांना खुर्ची देण्याआधी शेंगा द्या.

काल संध्याकाळी अनिलचा फोन आला. हेल्मेट, दगडाची भिंत, सगळं तेच. पूर्वी जुई अर्धा तास बोलायची. काल तिनं फोन खोपीत नेला, खड्यांसमोर ठेवला, शालीचं टोक वर धरलं आणि म्हणाली, “पप्पा, आत या ना.” बराच वेळ टोक धरून उभी होती. मग तिचा हात दुखला.

अहो, रेंज मिळाली की तुम्ही मी इथं लिहिलेलं सगळं वाचता, म्हणून इथंच लिहिते. रानातून निघताना जुईनं फ्रॉकच्या ओच्यात तुरीच्या शेंगा आणल्या होत्या, तुमच्या वाट्याच्या. स्टीलच्या डब्यात ठेवल्यात, मला हात लावू देत नाही. तुमची पुढची सुट्टी पावसाळ्यात आहे, आणि काम मध्ये सोडून निघायचा तुमचा स्वभाव नाही. तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे. तरी मागते. शेंगा वाळायच्या आत या.