एका बाजाराचा स्लॅब

मी मुळात भित्रा माणूस. बांधकामावर सुपरवायझर असूनही उंचावर गेलो की मी धरायला खांब शोधतो, आणि मालकाचा फोन आला की जमिनीवर उभा असतानाही शोधतो. तीन वर्षांपूर्वी पालघरजवळ बेटेगावला एका इमारतीचं काम बघत होतो. तिथे जे केलं तेही भीतीपोटीच.

दर शनिवारी साइटच्या रजिस्टरचे फोटो मालकाच्या ऑफिसला पाठवावे लागत. वेळापत्रकात आणि रजिस्टरमध्ये फरक दिसला की फोनवर माझ्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. म्हणून मी युक्ती काढली. रजिस्टर वेळापत्रकाप्रमाणे भरायचं आणि काम मागून ओढत न्यायचं. कागदी घोडे नाचवण्यात मी पटाईत झालो. बघायला कोणी येतच नसे, त्यामुळे सगळेच खूश होते.

पहिला स्लॅब ठरलेल्या दिवशी टाकून झालाच नाही. आधी सिमेंटची गाडी आली नाही, मग मिक्सर बिघडला, आणि आठवडा गेला. रजिस्टरमध्ये मात्र मी ठरलेली तारीख लिहून मोकळा झालो होतो. स्लॅब खरोखर टाकला तेव्हा ती खोडावी असं मनात आलं. पण खाडाखोड फोटोत दिसली असती. राहू दिली.

स्लॅब टाकणारी टोळी काम आटपून गेली आणि नवा मुकादम आपली माणसं घेऊन आला. जुन्यांपैकी राहिली फक्त एक मावशी. जव्हारकडच्या डोंगरातली, पावसाळ्यातली शेती आटोपली की कामाला खाली उतरणारी. स्लॅबवर रोज पाणी मारायचं काम तिचं. दिवस ती आठवडी बाजारावरून मोजायची. खाली दुकानांसाठी मोठा गाळा होता, मधे खांब नाही. स्लॅब पक्का होईपर्यंत, चौदा दिवस, त्याखालचे टेकू हलवायचे नाहीत, असं मीच मुकादमाला बजावलं होतं.

त्या दिवशी मी पालघरला एका कागदासाठी रांगेत उभा होतो. मुकादमाचा फोन आला. "साब, चौदा दिन पूरे हो गए, रजिस्टर देख लिया. टेकू खोल रहे हैं." कौतुकाची अपेक्षा असलेला आवाज. मी "रुको" म्हणेपर्यंत फोन कट झाला होता.

खरे दिवस झाले होते सात. आणि आदल्याच दिवशी मी त्या स्लॅबवर दोन ट्रॅक्टर विटा चढवून घेतल्या होत्या.

मी मोटरसायकल काढली. पुन्हा फोन लावला, कोणी उचलेना. वाटेत उमरोळीपाशी थांबून परत लावला, नुसती रिंग. मला इमारत दिसतच नव्हती, नुसता स्लॅब कोसळल्याचा आवाज ऐकू येत होता, जो अजून झालेलाच नव्हता.

पोचलो तेव्हा निम्मे टेकू निघाले होते. माणसं बाहेर चहा पीत होती. आणि आत, बरोबर मधोमध, मावशी उकिडवी बसून काढलेल्या फळ्यांचे खिळे उपटत होती.

"मावशी, बाहेर ये!" मी ओरडलो. मी उंबऱ्यावरच उभा होतो. पाय आत जाईना, हे लिहायला आजही लाज वाटते. तिने शांतपणे हातोडी उचलली, खिळ्यांची पाटी उचलली आणि चालत बाहेर आली. तेवढ्या दहा पावलांत मी घामाने भिजलो.

वर बघितलं. स्लॅबच्या पोटाला केसाएवढी भेग दिसत होती.

सगळ्यांसमोर मी खरी तारीख सांगितली. टेकू परत लावायला आत कोण जाणार? कोणी हलेना. शेवटी पहिला टेकू मीच उचलला. धीर आला म्हणून नव्हे, दुसऱ्या कोणाला सांगायला तोंड नव्हतं म्हणून. मग मुकादम आला, मागोमाग बाकीचे. टेकू बसल्यावरच विटा उतरवल्या. दुसऱ्या दिवशी इंजिनिअर येऊन तपासून गेला. स्लॅब वाचला, पण टेकू महिनाभर ठेवायला सांगितले.

टेकू परत लावले त्याच संध्याकाळी मी रजिस्टरमधली तारीख खोडत होतो, तेव्हा मावशी हातपाय धुऊन समोरून चालली होती. मी तिला थांबवलं. तिला तरी दिवस माहीत असणार होते.

"मी सांगितलं की त्यांना," ती म्हणाली. "स्लॅब टाकल्यावर एकच बाजार झालाय. दुसरा अजून व्हायचा हाय."

"मग तू आत कशाला गेलीस?"

तिने माझ्या हातातल्या रजिस्टरकडे बोट केलं.

"त्यांनी ही वही दाखवली. तुमी लिवलेली. मला वाटलं, माझाच एक बाजार चुकला."