पाण्याखालचा बांध

बदलापूरच्या पुढे डोंगरात धरण आहे. त्याचं पाणी आमच्या नळाला येत होतं, कारखान्यांना जात होतं. शाळेत धरणाचे फायदे पाठ करून मी मार्क मिळवले. त्या पाण्याखाली गाव आहे, हे भूगोलाच्या पुस्तकात नव्हतं.

ते मला कळलं मित्राकडून. अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एकाच कंपनीत आम्ही दोघं हेल्पर होतो. मी कामगारांच्या चाळीतला. संध्याकाळी झोळीत संघटनेची पत्रकं घालून कंपन्यांच्या गेटवर वाटणारा. तो धरणाच्या काठच्या पाड्यावरून सायकलने यायचा. पाणी भरलं तेव्हा तो आईच्या कडेवर होता. वस्ती खालून उचलून वरच्या माळावर आणून ठेवली, तिथे भात पिकत नाही. मग पाड्यावरच्या लोकांनी काय करावं? आपल्याच शेतांवरून होड्या घालून मासे धरायला लागले.

आणि शेतं वाटलेलीच राहिली! हे मला ऐकूनही पटेना. नदीचं जुनं पात्र सगळ्यांचं, तिथे कुणीही जाळं टाकावं. पण पात्र सोडलं की खाली कुणाचं ना कुणाचं वावर. तिथे मिळालेला मासा ज्याचं वावर त्याच्या घरी जायचा. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी उतरलं की हद्द बघायला लांब वेळू खाली घालायचा. बांधाचे दगड टोकाला खटखट लागतात. पावसाच्या तोंडावर होड्या वर ओढायच्या, त्याआधीचं शेवटचं जाळं ज्याने त्याने आपल्या वावरावर टाकायचं आणि तो मासा घरात सगळ्यांनी खायचा. पूर्वी नवा तांदूळ खायचे तसा. तांदूळ गेला, मासा आला, मान तोच.

मी त्याला म्हणालो होतो, "अरे, सातबारा सरकारने केव्हाच स्वतःच्या नावावर फिरवला. तुमची जमीन उरलीय कुठे?"

तो म्हणाला, "खाली हाय की."

त्या वर्षी त्याच्या बापाला पोटाचा आजार झाला. उल्हासनगरच्या एका दवाखान्यात ठेवलं होतं. तिथून घरी न्या म्हणून सांगितलं. घरी न्या म्हणजे काय, ते पाड्यालाही कळतं. म्हातारा जेवेना. एकच मागत होता: आपल्या वावरातला मासा. "बाजारातला नको, पात्रातला नको. माझ्या वावरातला आना."

शेवटच्या जाळ्याच्या दिवशी आम्ही तिघं निघालो. तिसरा उल्हासनगरच्या कॅम्पातला सिंधी दोस्त. आमच्या कंपनीत टेम्पो घेऊन यायचा. मासळीसाठी कुठेही यायला तयार, पाण्याला मात्र घाबरायचा. होडीत पाय ठेवला आणि म्हणाला, "यार, ये तो हिलती है."

"होडी हाय ती. हलनारच. तुझ्या टेम्पोपेक्षा कमी हलते."

"टेम्पो डूबता नहीं है भाई."

पात्रात मित्राने फेकजाळं टाकलं आणि पहिल्याच फेकीला रोहू आले. मग येतच राहिले. उन्हाने पाणी आटलेलं, मासे खोल पात्रात गोळा झालेले. पाटी भरली, पोतं भरलं. सिंधी दोस्ताची भीती कुठल्या कुठे पळाली. "आज तो पूरा कॅम्प खाएगा!" म्हणत तो माशांवर ओलं फडकं टाकत होता. मीसुद्धा खूश होतो, का नसू? फुकटच्या माशांची चव पत्रकं वाटणाऱ्यालाही कळते. मित्र तेवढा पाटीकडे बघत नव्हता. त्याला पाहिजे होता तो मासा त्या ढिगात नव्हता.

होडी त्याच्या वावरावर घेतली. समोरच्या डोंगराचं नाक आणि काठावरचा आंबा एका रेघेत आले, तिथे थांबलो. जाळं टाकलं. रिकामं. परत टाकलं. पाला आणि चिखल. वारा सुटला, होडी सरकायला लागली. त्याचे दंड भरून आले. तरी टाकत राहिला. आणि एका फेकीला जाळं असं ओढलं गेलं की तो गुडघ्यावर आला. आम्ही दोघांनी त्याची कंबर धरली. कटला मासा होता. तान्ह्या पोराएवढा. होडीत पडल्यावर त्याने शेपटीने माझी चप्पल पाण्यात उडवली.

आम्ही ओरडलो. मित्र हसला, त्या दिवसातला एकदाच. मग त्याने वेळू उचलला आणि पाण्यात घातला. खट्. दगड.

हसू तिथेच गेलं. "बांधाला लागलोय आपन," तो म्हणाला.

तो बांध कुठला, हे आख्ख्या पाड्याला माहीत होतं. पलीकडचं वावर त्याच्या चुलत्याचं, म्हणजे बापाच्या चुलतभावाचं. बापाने बांध दोन हात सरकवला असं चुलता म्हणायचा. बाप म्हणायचा, खोटं. कोर्टात गेले, बोलणं तुटलं, लग्नाकार्याला तोंड फिरवलं. मग धरण आलं आणि दोघांची वावरं एकाच महिन्यात पाण्याखाली गेली. भांडण नाही गेलं. शेजारशेजारच्या झोपड्यांत राहून दोघे पाण्याखालच्या दोन हातांवरून एकमेकांचं तोंड बघत नव्हते. मासा आला होता नेमका त्या दोन हातांतून.

"कौन देखता है?" सिंधी दोस्त म्हणाला. "बाप के लिए ले जा रहा है. चोरी थोडी है."

मी त्याचीच री ओढली. "बांधाच्या अलीकडेच आहोत ना? मग तुझाच आहे."

"बा म्हनतो तसं धरलं तर माझा. काका म्हनतो तसं धरलं तर त्याचा. विचारल्याबिगर कसा नेऊ? बाच्या तोंडात शेवटचा घास चोरीचा घालू?"

काठाला लागलो आणि तो कटला दोन्ही हातांवर घेऊन थेट चुलत्याच्या दारात गेला. आम्ही मागे. चुलता अंगणात जाळं विणत बसला होता. मित्राने कुठे मिळाला ते सांगितलं. काहीही लपवलं नाही. चुलत्याने माशाकडे पाहिलं, मग भिंतीपलीकडे, जिथून खोकल्याचा आवाज येत होता.

"घेऊन जा," तो म्हणाला. "त्याच्या वावरातलाच हाय. त्याला सांग, बांध होता तिथंच होता. मीच उगा बोलत होतो."

मला वाटलं, मिटलं. मनात पत्रकाचा मथळाही जुळायला लागला. बांधाला बांध लावून भांडणारे भाऊ एक होतात वगैरे. आम्ही पत्रकवाली पोरं अशीच असतो. माणूस रडायच्या आत आम्हाला मथळा सुचतो.

कालवण झालं. मित्राने थाळी बापापुढे धरली. म्हाताऱ्याने वास घेतला, डोळे मिटले. मग मित्राने चुलत्याचा निरोप सांगितला.

म्हाताऱ्याने डोळे उघडले. "असं म्हनला तो?"

"हां, बा."

"मीच उगा बोलत होतो, असं?"

"असंच."

त्याने थाळी हाताच्या पाठीने सारली. "मग ह्यो माझ्या वावरातला नाय."

कुणाला काही कळेना. मित्राची आई म्हणाली, "अवं, आता तरी खा की!" म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडला. तसाच म्हणाला, "बोलाव त्याला."

चुलता आला. दारातच उभा राहिला. वस्ती वर आल्यापासून त्या घराच्या दारात तो पहिल्यांदाच आला होता. म्हातारा हळूच म्हणाला, "मीच सरकवला बांध. पेरनीच्या आधी. तू बरोबर होतास."

मला वाटलं, आता हा चिडेल. हक्कच होता त्याला. पण तो खाटेशी खाली बसला आणि म्हणाला, "कुठं हाय आता बांध, दादा?"

चुलत्याने थाळी ओढली, काटा काढून माशाचा घास केला आणि म्हाताऱ्याच्या तोंडाशी नेला. म्हाताऱ्याने तोंड उघडलं. घास गिळवेना. रस्सा हनुवटीवरून ओघळला, तो चुलत्याने आपल्याच पंच्याने पुसला. मग उरलेलं त्याने स्वतः खाल्लं, तिथेच, त्याच थाळीत. खाताना रडत होता. सिंधी दोस्त केव्हाच बाहेर जाऊन टेम्पोत बसला होता.

आम्ही ढिगाने मासे घेऊन परतलो. सगळ्या चाळीने मासे खाल्ले, आईनेही वाखाणले. मला जाईनात.

म्हातारा पाऊस लागल्यावर गेला. जुनं मसणही पाण्याखाली, तेव्हा त्याला माळावरच जाळला. पेटता पेटेना, लाकडं ओली.

पुढच्या वर्षी शेवटच्या जाळ्याला मित्राने मला नेलं. होडीत चुलताही होता. डोंगराचं नाक आणि आंबा एका रेघेत आले. सवयीने मित्राने वेळू उचलला, चुलत्याने तो त्याच्या हातातून घेऊन होडीत आडवा ठेवला. जाळं टाकलं. काही लागलं नाही. चुलता पाण्याकडे बघत बसला.

"सगळी उमर त्याच्याशी भांडलो," तो म्हणाला. "आता कुनाशी भांडू?"

ह्याचं उत्तर माझ्या झोळीत होतं, छापलेलं, गठ्ठ्याने. कुणी तुमची दोन्ही वावरं बुडवली, कुणाशी भांडायला हवं होतं, सगळं ठळक टायपात. मी झोळीत हात घातला नाही. मित्राने जाळं ओढून घेतलं, पिळलं, आणि चुलत्याच्या हातात दिलं.

"टाका काका," तो म्हणाला. "बाच्या बाजूला टाका."