फंबल करून दाखवा

रत्नागिरीत बसून चिनी बोलणाऱ्यांना इंग्रजी शिकवायचं म्हटल्यावर किस्से आपोआप साठत जातात. आमच्या ऑनलाइन क्लासात शिक्षक मोजून चार, पण एकट्या 'फंबल' या शब्दाचे किस्से सांगायला बसलो तर चहा पुन्हा गरम करावा लागतो. फंबल म्हणजे गडबडीत हात चाचपडणं, साधंच काम हातून धड न होणं. अर्थ वाचून दाखवायचा नाही, करून दाखवायचा, हा आमचा नियम. मला या नियमाचा भारी अभिमान आहे.

*

जोगळेकर सरांनी खिशातून किल्ली काढताना गडबडायचं ठरवलं. किल्ली, रुमाल, पेन, सगळं धडाधड खाली. "आता नीट समजावतो," म्हणत त्यांनी आवाज वाढवायचं बटण शोधलं आणि क्लासच बंद करून टाकला. परत जोडले गेले, तर सगळ्यांनी लिहून ठेवलेलं, "सर, समजलं."

*

समीना मॅडमनी चहाचा कप मुद्दाम हातातून निसटू दिला. अभिनय इतका झकास, की शब्द बाजूलाच राहिला आणि सगळे त्यांच्या मनगटाची चौकशी करू लागले. शिकणाऱ्यांतल्या एका आजींनी गरम पाणी प्यायला सांगितलं. पुढे आठवडाभर त्या रोज विचारायच्या, "प्यायलीस ना?"

*

आणि आमची विद्या. तिची ट्रायल होती. शिकणाऱ्यांनी पसंत केलं तरच कायमची बॅच. घर भाट्याला खाडीकाठी, वडील ओट्यावर जाळं शिवत बसलेले. तिनं लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

"बाबा, एक गाठ जरा चुकवा. या लोकांना दाखवायचंय."

बाबांनी मनापासून प्रयत्न केला. गाठ पक्की बसली. पुन्हा केला, पुन्हा पक्की.

विद्या कुजबुजली. "बाबा, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे. चुकवा ना."

"चुकवू कशी गो बाय? मासा जायल ना भायेर."

बाबांची सुई सरसर फिरत राहिली, पलीकडे सगळे बघत राहिले आणि वेळ संपली. विद्यानं रडवेली होऊन मला फोन लावला, तोवर शेरा येऊन पडला होता. सगळ्यांचा मिळून एकच:

"फंबल कळलं नाही. आम्हाला याच मॅडम हव्यात. वडिलांसकट."