ढिगाची नाडी

आमच्या बिल्डिंगमध्ये कचऱ्याचं खत मी सुरू केलं, असं सगळे म्हणतात. मीही कधी नाही म्हटलं नाही. खरं तर पहिल्याच महिन्यात तो उद्योग गुंडाळायची वेळ आली होती आणि तो वाचवला जिने पुसणाऱ्या मावशींनी.

मी निवृत्त शिक्षिका, विज्ञान शिकवायचे. बत्तीस वर्षं हातात खडू धरला की माणसाला वाटायला लागतं, आपण फळ्यावर लिहिलं म्हणजे ते झालंच. पार्किंगच्या कोपऱ्यात तीन निळे ड्रम आणवले, भिंतीवर तक्ता चिकटवला आणि ओला कचरा, सुका कचरा यावर पाऊण तास भाषण ठोकलं. तिसऱ्या मजल्यावरचे पोस्टमास्तर, तेही निवृत्तच, मागच्या खुर्चीवरून म्हणाले, "कचऱ्याचं सोनं करायचंय ना? मग सोनाराला बोलवा. मला या वयात बटाट्याच्या सालींची वर्गवारी करायला लावू नका." लोक खो खो हसले. मी त्या माणसाला त्याच दिवशी मनातल्या मनात नापास करून टाकलं.

तीन आठवड्यांत पहिला ड्रम सडक्या अंड्यासारखा वास मारू लागला. मी रबरी हातमोजे घालून, लांब थर्मामीटर खुपसून, वहीत आकडे लिहीत उभी होते. मावशी जिना पुसून खाली आल्या, बादली ठेवली, बाही वर सारली आणि उजवा हात कोपरापर्यंत सरळ ढिगात घातला. मला शिसारी आली. त्यांनी मात्र डोळे मिटले होते.

"याला ताप नाही," त्या म्हणाल्या. "नुसतं पाणी झालंय पोटात. वाळकं घाला, बाई."

"वाळकं म्हणजे?"

"पेपर आहेत ना घरात? ते आणा."

मावशींनी अकरा वर्षं एका लाँड्रीत चादरी पिळल्या होत्या. किती ओल म्हणजे बरोबर, हे त्यांच्या तळहाताला ठाऊक होतं. खताची मूठ दाबली तर थेंब पडू नये आणि मूठ उघडली तर भुगा होऊ नये, एवढी. आठ दिवसांत वास गेला, पंधरा दिवसांत ढीग तापला आणि दोन महिन्यांनी त्यातून काळं, मऊ खत निघालं. मग त्या रोज सकाळी तिन्ही ड्रम हात घालून बघायच्या. ते पाहून पोस्टमास्तर जिन्यातूनच ओरडायचे, "वैद्यीणबाई आल्या हो नाडी बघायला!" त्यावर मावशी म्हणायच्या, "तुमचीही बघते, खाली या!" सालींची वर्गवारी न करणारा तो म्हातारा मावशींशी मात्र रोज दोन शब्द बोलल्याशिवाय राहायचा नाही.

दुपारी काम आटोपलं की मावशी स्टुलावर बसून पेपर फाडायच्या. पेपर उभा फाडला तर सरळ पट्ट्या निघतात, आडवा फाडला तर वेडावाकडा फाटतो, हे मला त्यांच्याकडून कळलं. चार-पाच घड्या एकदम धरायच्या, दोन्ही हातांनी पीळ द्यायचा आणि टर्रकन फाडायचं. लाँड्रीची सवय. मी लगेच नवी सूचना लावली: 'जुन्या पेपरच्या घड्या ड्रमशेजारच्या टोपलीत ठेवाव्यात.' खाली सही, तारीख, सगळं. मावशी त्या टोपलीत न बघता हात घालायच्या. बघायचं काय? टोपलीत पेपरशिवाय दुसरं काही नसणार, असं मीच तर लिहून दिलं होतं.

त्या दिवशी माझ्या हातून काचेची बरणी फुटली. काच उघडी टाकायची नाही, कचरा उचलणाऱ्याचा हात कापतो, हे मी मुलांना जन्मभर शिकवलं. म्हणून तुकडे गोळा केले, पेपरच्या तीन पदरांत नीट गुंडाळले, वर रबर लावलं. इतकी व्यवस्थित घडी झाली की माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली. सुक्या कचऱ्याच्या गाडीवाल्याच्या हातात ती द्यायला खाली उतरले, तोच फोन वाजला. शेजारच्या बिल्डिंगच्या सेक्रेटरी. त्यांनाही आमच्यासारखे ड्रम लावायचे होते, मार्गदर्शन हवं होतं. मार्गदर्शन म्हटलं की मला कशाचं भान राहतं! पुडकं टेकवलं टोपलीच्या काठावर, क्षणभर, आणि बोलत बोलत वर गेले. ते आत घसरलं. मी ते साफ विसरले.

दोन दिवसांनी दुपारी खालून एक आवाज आला. किंकाळी नव्हे. कुणीतरी जोरात श्वास आत ओढावा तसा. मी पोचले तेव्हा चेअरमन मावशींचा हात टॉवेलात गुंडाळत होते आणि टॉवेल लाल होत होता. जमिनीवर काच होती. बरणीच्या गळ्याचा गोल तुकडा मी लांबून ओळखला.

नऊ टाके पडले. डॉक्टर म्हणाले, बोटं हलतील, पण पहिल्या दोन बोटांची नस कापली गेली आहे, संवेदना परत येईल याची खात्री नाही.

संध्याकाळी पार्किंगमध्ये बैठक बसली. काच कुणी ठेवली? पोस्टमास्तरांनी मागच्याच महिन्यात ओल्या कचऱ्यात जुना बल्ब टाकला होता, त्यामुळे कुणाला फार शोधावं लागलं नाही. चेअरमन म्हणाले, "माफी मागेपर्यंत यांची बादली कुणी घेऊ नये."

पोस्टमास्तर काठी टेकत उभे राहिले. "मी कचरा वेगळा करत नाही, हे खरं," ते म्हणाले. "बल्बही माझाच. पण काच कागदात गुंडाळून, वर रबर लावून ठेवायची अक्कल मला कुठली? ते कुणा शहाण्याचं काम आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी दोषी वाटले म्हणून नव्हे, शेवटचा शब्द नेहमी माझा असतो म्हणून. एवढा सोपा प्रसंग आयुष्यात परत येणार नव्हता. एक वाक्य, तीन शब्द. आणि मी म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा."

त्या वाक्याची लाज मला आजही वाटते. बरणी फुटणं चूक होती, पुडकं विसरणंही चूकच. पण ते तीन शब्द मी शुद्धीवर असताना बोलले.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या खिडकीतून रोज सकाळी एक दृश्य दिसायचं. एका हातात काठी, दुसऱ्या हातात बादली, आणि पोस्टमास्तर कोपऱ्यावरच्या मोठ्या कचराकुंडीकडे निघालेले. मध्ये दोनदा थांबायचे. मी पडदा ओढायचे. पडदा ओढला तरी काठी ऐकू यायची.

मावशींना बघायला गेले, फळं घेऊन. एक खोली, खिडकीत माझ्याच ड्रममधल्या खतावर वाढवलेलं टोमॅटोचं रोप. सून त्यांची वेणी घालत होती, कारण एका हाताने वेणी घालता येत नाही. सांगायचं म्हणून गेले होते आणि तोंडातून निघालं, "कुणी ठेवलं असेल हो असं?"

मावशींनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "जाऊ द्या, बाई. काचेला कुणी उगीच कागद लावत नाही. ज्यानं ठेवली, त्याला कुणाच्या तरी हाताची काळजीच होती."

मी फळं ठेवली आणि उठले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सहा आठवड्यांनी मावशी कामावर आल्या. आल्या त्या जिन्याकडे न जाता सरळ ड्रमकडे. मी तक्त्यासमोर उभी होते. त्यांनी बाही वर केली, उजवा हात आत घातला, डोळे मिटले. थांबल्या. हात थोडा खोल सरकवला. पुन्हा थांबल्या. मग काढून घेतला आणि डावा घातला.

"हा अडाणी आहे," डाव्या हाताकडे बघत त्या म्हणाल्या. "याला काही कळत नाही. बाई, तुम्ही घाला."

वर्षभरात मी एकदाही ढिगात उघडा हात घातला नव्हता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी बांगड्या वर सारल्या आणि हात घातला.

"गरम आहे," मी म्हणाले.

"किती? ऊन पडलेल्या भिंतीसारखं, का आजारी लेकराच्या कपाळासारखं?"

मला सांगता येईना. खरंच येईना. त्या वाट बघत होत्या, टाक्यांच्या वणाची दोन बोटं दुसऱ्या हाताने चोळत. त्या बोटांना सगळं यायचं. माझा हात तिथेच, आत, आणि मी बोलून गेले, "मावशी, काच माझी होती."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पेपरवर शब्दकोडं होतं, हिरव्या शाईनं सोडवलेलं. तुमच्याशिवाय हिरवी शाई वापरतं कोण इथं?"

लाल शाईचा कंटाळा आला म्हणून मी निवृत्तीनंतर हिरवं पेन घेतलं होतं.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून. घरी आलात तेव्हा वाटलं, आता बोलाल." त्यांनी बाही खाली केली. "माझं जाऊ द्या. पण पोस्टमास्तरांवर आळ आलाय, हे मला आज गेटवर कळलं. तिसरा मजला, बाई. हात नंतर धुवा."

मी जिना चढले. दर पायरीवर एक वाक्य तयार केलं आणि पुढच्या पायरीवर खोडलं. घंटी वाजवली. आत काठी वाजली, मग दार उघडलं. माझा मातीने भरलेला हात बघून पोस्टमास्तरांचा चेहरा एकदम उजळला. थांबा, थांबा म्हणत ते आत गेले आणि झाकणाची बादली घेऊन आले. आत नुसत्या साली, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं. कागदाचा एक कपटा नाही.

"सहा आठवडे वेगळं करतोय. वैद्यीणबाई परत आल्या ना? आता तरी घ्याल?" त्यांनी बादली पुढे केली. "तपासून घ्या, बाई. काच नाही त्यात."

मी बादली घेतली नाही. आधी सांगितलं.