साडेसात फॅटच्या दगडाबाई

पुणतांब्याच्या दगडाबाईंच्या म्हशीला डेअरीत साडेसात फॅट लागायची. हे ज्याला ठाऊक नसेल त्याला त्या स्वतःहून सांगत. एकदा मयताला गेल्या तर तिथेही सांगून आल्या. माणसंही त्या याच मापाने मोजत. सून आरती बाळंत झाली तेव्हा नातवाच्या तोंडाकडे नीट बघण्याआधीच त्यांनी शेरा मारला, "दूध पातळ हाय हिचं." दोन महिने झाले, शेरा कायम होता. हल्ली आरती बाळाला पाजताना भिंतीकडे तोंड करून बसे.

अशात नगरच्या एका कॉलेजातल्या डॉक्टर पंकजा बाळंतिणींच्या दुधाचे नमुने घ्यायला गावात आल्या. आरतीला एक इवलीशी बाटली देऊन त्या शेजारच्या घरी गेल्या. आरतीने दूध काढून बाटली ओट्यावर ठेवली आणि दगडाबाईंनी हिशेब मांडला. सॅम्पल म्हटलं की फॅट आली, फॅट म्हटली की ज्याच्या त्याच्या नावापुढं आकडा लिहिणारा डेअरीचा फळा आला. सुनेच्या नावापुढं तीन लागली तर किटली घेऊन कुठल्या तोंडानं जायचं? बाटली मोरीत रिकामी झाली आणि म्हशीच्या दुधाने भरली.

आठवड्याने डॉक्टर पुन्हा हजर. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"मावशी, फक्त आईच्या दुधातलं एक प्रथिन ओळखणारी अँटिबॉडी असते. ती त्याला चिकटली की कागदावर तपकिरी ठिपका उठतो. चाळीस जणींचा उठला, तुमच्या सुनेचा नाही! तीनदा करून बघितलं. अशी केस मी कुठंच वाचलेली नाही. लेख लिहायला घेतलाय!"

इतकं शिकलेल्या बाईंच्या मनात म्हशीचा विचार एकदाही आला नव्हता.

आरती पांढरीफटक पडली. "म्हंजी आत्याबाई म्हनत्यात तेच खरं. माझ्या दुधात कायच न्हाई." तिने पीत असलेलं बाळ ओढून दगडाबाईंच्या मांडीवर ठेवलं. "आजपासनं वरचंच पाजा त्याला."

बाळाने टाहो फोडला. दगडाबाईंनी त्याला हलवलं, थोपटलं, किल्ल्यांचा जुडगा वाजवला. ते काही ऐकेना. शेवटी त्या पदरात तोंड लपवून पुटपुटल्या, "म्हैस हुती ती."

"काय?" डॉक्टर म्हणाल्या.

"बाटलीत म्हैस हुती. साडेसातची." एवढ्यातही आकडा सुटला नाही.

लेख तिथेच बारगळला. डॉक्टरांनी नवा नमुना मात्र शेजारी बसून, डोळ्यात तेल घालून घेतला. चार दिवसांनी फोन आला. ठिपका चांगला गडद उठला होता.

"आन् फॅट?" दगडाबाईंनी विचारलं.

"फॅट आम्ही बघतच नाही, मावशी."

"मंग नगरावरनं यिऊन बघता तरी काय?"

"दूध माणसाचं आहे का, एवढंच."

आरती दाराकडे तोंड करून बाळाला पाजत होती. ती तिथूनच म्हणाली, "आत्याबाई, डेअरीच्या फळ्यावर लिवून या."