इतिहासाला प्लेसमेंट नाही

आर्किटेक्टकडे किस्से साचतात ते गच्चीवर पाणी साचतं तसे. कुठंतरी उतार चुकलेला असतो आणि काढून टाकायचं राहून जातं. उस्मानपुऱ्यातलं माझं ऑफिस यंदा बंद केलं. त्या दिवशी चहाला जमलेली जुनी मंडळी म्हणाली, "मॅडम, लिहून काढा हो हे सगळं." लिहिते. पण हसायला येईलच असं नाही.

*

माझं पहिलं काम म्हणजे मुकुंदवाडीतलं एक घर. मालक शाळामास्तर, भला माणूस. आपला उन्हाळा लक्षात घेऊन मी घराच्या मधोमध उघडा चौक ठेवला होता. गरम हवा वर निघून जाईल, खोल्या गार राहतील. प्लॅन बघून मास्तर म्हणाले, "बाकी झकास, मॅडम. पण हे मधी भोक कशाला?"

मी पुष्कळ समजावलं. ते मान डोलवत राहिले. मग मी एका लग्नासाठी माहेरी गेले, आणि परत येऊन बघते तर चौकावर स्लॅब!

मे महिन्यात त्यांचा फोन आला. "मॅडम, घर लई तापतंय. एसी कुठं बसवू?"

*

जुन्या शहरात एका कापड व्यापाऱ्याच्या दारात दगडी कमान होती. मुघल काळातली असावी. तिच्यावर कोरलेल्या कमळाच्या पाकळ्या तर अशा नाजूक, की मी तशा दुसरीकडं पाहिल्या नाहीत. पण गाडी आत जात नव्हती, म्हणून शेटजींना ती पाडायची होती. मी फाटक बाजूनं काढायचा प्लॅन करून दिला. "देखते हैं," म्हणाले, आणि कमान पाडून मोकळे झाले.

काही वर्षांनी तेच ऑफिसात आले. घराला 'हेरिटेज लुक' पाहिजे होता. दारात कमान. फायबरची!

"अहो शेटजी, खरी होती ना तुमच्याकडं!"

"थी ना, मॅडम. पण तिला मेंटेनन्स लई होता."

*

कॉलेजात मी डिझाइन शिकवायचे, पण जीव इतिहासात. एकदा मुलांना दौलताबादच्या वाटेवरच्या एका पडक्या सराईची मोजमापं घ्यायला नेलं. तिथली मशीद बाकीच्या इमारतीला तिरकी आहे. तिची दिशा नमाजासाठी ठरलेली, सराई मात्र रस्त्याला धरून बांधलेली. सगळ्यांना उन्हात उभं करून हे दाखवलं.

वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीनं देखणं ड्रॉइंग आणलं. मशीद एकदम सरळ!

"अगं, ही तिरकी आहे ना?"

"हो मॅडम, तिथं त्यांची चूक झाली होती. मी दुरुस्त केली."

त्या ड्रॉइंगला प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांना सिमेट्री फार आवडली.

*

मग इतिहासाचे तास कमी करायची मीटिंग झाली. संस्थेच्या अध्यक्षांनी विचारलं, "मॅडम, इतिहासाला प्लेसमेंट किती?"

मी वैतागून म्हणाले, "सर, इतिहासातले सगळे वारलेत. जागाच जागा आहे."

कुणी हसलं नाही. अध्यक्ष मात्र सावरून बसले. "जागा? किती स्क्वेअर फूट?"

*

आता हा शेवटचा.

डोंगरातून शहरात पाणी आणणाऱ्या जुन्या नहरीवर जागोजाग मनोरे होते. पाणी आधी मनोऱ्यात वर चढायचं, मग पुढच्या वाटेला लागायचं. त्यातल्या एका मनोऱ्यावर माझं सगळं संशोधन उभं राहिलं. त्याची मोजमापं मी घेतली तेव्हा लेक पोटात होती. नवरा, मिलिंद, खाली टेपचं टोक धरून ओरडत होता, "उतर गं बाई! मनोरा कुठं पळून जात नाही!"

मिलिंद गेला, आणि पुढच्याच वर्षी तिथून रस्ता काढायचं ठरलं. मी अर्ज केले, लोकांना भेटले, पेपरात लिहिलं. "करू मॅडम, काहीतरी करू," सगळेच म्हणाले. एका सकाळी गेले तर जेसीबी परत निघाला होता.

रस्त्याच्या उद्घाटनाला मला सत्काराचं बोलावणं आलं. शहराच्या वारशासाठी झटल्याबद्दल! लेक म्हणाली, "आई, जाऊ नकोस." पण मी गेले. निदान माईक तरी हातात येईल, चार गोष्टी तोंडावर सुनावता येतील.

शाल झाली, नारळ झाला. मग मखमली पेटीतून स्मृतिचिन्ह निघालं. चकचकीत पॉलिश केलेला काळा दगड, त्यावर सोनेरी अक्षरांत माझं नाव.

"तुम्हाला तो मनोरा लई आवडायचा ना," प्रमुख पाहुणे अगदी प्रेमानं म्हणाले, "म्हणून त्यातला एक दगड तुमच्यासाठी राखून ठेवला."

सूत्रसंचालकानं माईक पुढं केला. दगड चांगलाच जड होता, दोन्ही हातांनी धरावा लागत होता. तो कुठं ठेवावा म्हणून मी इकडंतिकडं बघितलं.

त्यानं क्षणभर वाट बघितली आणि माईक स्वतःकडं वळवला. "मॅडम भावुक झाल्यात! जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या!"