टॉवरखालची पंगत

"आदी जेवा. मग काय तोडायचं ते तोडा."

टॉवर उतरवायला आलेल्या गड्यांना चाची हेच सांगायची. पदर कमरेला खोचलेला, एका हातात भाकरीची दुरडी, दुसऱ्या हातात कालवणाचं पातेलं. समोरच्यानं नको म्हणायच्या आत पत्रावळ मांडलेली असायची.

मी टॉवरची देखभाल करणारा माणूस. कोळवणच्या खोऱ्यातले टॉवर माझ्याकडे आहेत. त्यातला एक चाचीच्या भातखाचरांच्या वर, माळावर उभा आहे. वाडीतल्या सगळ्यांची ती चाची, मग ते मुसलमान असोत नाहीतर मराठे. बोलणं असं, की नवा माणूस दचकावा. मला पहिल्याच दिवशी म्हणाली, "तू टॉवरवाला व्हय? एवढासा हायेस, वर चढताना वारा न्हेईल तुला. बस, खा."

टॉवर यायच्या आधी चाचाला, म्हणजे चाचीच्या नवऱ्याला, खाचरात विषारी फुरसं चावलं होतं. वाडीत कुणाच्याही फोनला रेंज नव्हती. पुतण्या जीप आणायला कोळवणपर्यंत पळत गेला. जीप आली तेव्हा घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं. पुढं एक कंपनी टॉवरसाठी जागा शोधत आली, तेव्हा बाकीचे भाड्याचा घोळ घालत बसले. चाची म्हणाली, "भाड्याचं मागनं बगू. आदी रेंज येऊ द्या." तिनं माळ दिला. रेंज आली आणि वाडीत हाकेसरशी जीप येऊ लागली.

मग कंपन्यांच्या सोयरिकी सुरू झाल्या. एकीनं दुसरीला गिळलं, ती तिसरीच्या घरात गेली. माझ्या शर्टावरचं नाव बदललं, ओळखपत्र बदललं, पगार तेवढा आहे तिथंच राहिला. डोंगराच्या पलीकडे एक टॉवर होता, अलीकडे चाचीचा. दोन्ही एकाच घरचे झाले. पुण्यातल्या साहेबांनी नकाशा पाहिला, दोन ठिपके शेजारी शेजारी दिसले, म्हणून एक खोडला. मधला डोंगर कुणी विचारातच घेतला नाही. खोडला तो चाचीचा.

टॉवर उतरवायला बिहारची पोरं आली. दोऱ्या, पाने, शिड्या घेऊन. चाचीनं खेकड्याचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली. पोरं घरापासून लांब राहणारी, घाम पुसत पुसत खाल्लं बिचाऱ्यांनी. शेवटचा घास गिळल्यावर चाचीनं विचारलं, "कुणाचं मीठ खाल्लंत?"

"आपका, अम्मा."

"मग आता चढा वर, आनि माझ्या वाडीचा गळा दाबा."

पोरांचा मुकादम पत्रावळ गुंडाळू लागला. "अम्मा, नमक खाया है," एवढंच पुटपुटला आणि उठला. ठेकेदाराला त्यानं फोनवर सांगितलं की बोल्ट गंजलेत, निघत नाहीत. फोन त्याच टॉवरवरून लागला होता! मी टॉवरखालच्या केबिनमागं तोंडावर रुमाल धरून हसत होतो.

ठेकेदारही काही दूधखुळा नव्हता. पुढच्या वेळी त्यानं पोरांना बजावून धाडलं: त्या म्हातारीच्या घरचा घाससुद्धा घ्यायचा नाही. पोरं डबे घेऊन आली. चाचीनं आग्रह केला नाही, उलट म्हणाली, "नका खाऊ बाबांनो. पर ऊन लई हाय, घोटभर पानी तर घ्याल?" पाण्याला कोण नाही म्हणतं? तांब्या रिकामा झाला. मग ती पदरानं हात पुसत म्हणाली, "सरबत होतं त्ये लिंबाचं. मीठ घातल्याबिगर सरबत व्हतंय व्हय?"

मुकादमानं कपाळावर हात मारून घेतला आणि स्वतःच हसायला लागला. पोरं दोऱ्या गुंडाळून गेली. तुम्ही म्हणाल, हल्लीच्या काळात मिठाला कोण जागतं? मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून सांगतो.

शेवटी साहेब स्वतः आले. शहाणा माणूस, पाण्याची बाटलीही घरून आणलेली. समजुतीच्या सुरात म्हणाले, "आजी, दोन कंपन्या आता एक झाल्यात. दोन टॉवर कशाला?"

"लगीन तुमच्या कंपन्यांचं झालं, मुकं आमी का व्हायचं?"

साहेब हसले. म्हणाले, "उतरवायचं राहू द्या. आम्ही ऑफिसातून बंद करतो."

आणि केला. दुसऱ्या दिवशी वाडीतले सगळे फोन गप्प. कुणी आलं नाही, शिडी लागली नाही, बोल्ट फिरला नाही. चाची टॉवरखाली उभी होती, तिच्या हातात रिकामी दुरडी होती. म्हणाली, "ज्याला तोंडच न्हाई, त्याला जेवू घालू कसं रं?" तिचा आवाज फाटलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

पण मिनिटभरच. लगेच डोळे पुसून म्हणाली, "हापिस कुटं हाय त्येंचं? पत्ता सांग."

मी सांगितला. नोकरी गेली असती तर गेली असती खड्ड्यात.

दोन जीपा भरून वाडीतल्या बाया पुण्याला गेल्या. मीही गेलो, पातेली उतरवायला. काचेची मोठी इमारत. रखवालदार म्हणाला, डबे वर न्यायचे नाहीत. "मग आमी हितंच बसतो," चाची म्हणाली, आणि तिनं त्या चकचकीत फरशीवर पत्रावळी मांडल्या. जेवणाची सुट्टी झाली. गळ्यात पट्टे घातलेली पोरंपोरी लिफ्टमधून उतरली आणि कालवणाच्या वासानं तिथंच घुटमळली. एक बसला, मग दुसरी बसली. बघता बघता पंगत भरली. साहेब आले ते तणतणतच.

"मी मांसाहार करत नाही," ते म्हणाले.

"मग आमटी-भात हाय. इंद्रायणीचा."

सगळं ऑफिस बघत होतं. साहेबांनी उभ्या उभ्या दोन घास घेतले. मग चाचीनं त्यांना चाचाची गोष्ट सांगितली. रडली नाही, हात जोडले नाहीत. शेवटी म्हणाली, "आता तुमीबी माझं मीठ खाल्लंय. दाबा बटन."

टॉवर तात्पुरता सुरू करायचं ठरलं. तो तात्पुरता अजून चालू आहे.

चाची गेली ती झोपेत, अगदी शांतपणे. एवढ्या भांडकुदळ बाईला हे शोभलं नाही, असं मी वाडीत बोलून दाखवलं, तर सगळे रडता रडता हसले. सकाळपासून दौंड, सोलापूर, आखाती देशातले नातेवाईक फोन करत होते. दफनाच्या वेळी माती लोटताना कुणाच्या तरी खिशात फोन वाजला, मोठ्यानं, कसल्या तरी गाण्याचा. मग दुसऱ्याचा वाजला. जो तो खिसे चाचपू लागला. मौलवीसाहेब याबाबतीत भारी कडक. मशिदीत साधी खरखर झाली तरी माणसाला बाहेर काढतात. सगळ्यांनी घाबरून त्यांच्याकडे पाहिलं.

त्यांनी मूठभर माती टाकली, टॉवरकडे मान वर करून पाहिलं आणि म्हणाले, "वाजू द्या."